संगणकाची किल्ली कुणाकडे?



बँकेत मी ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं लॉकर सांभाळण्यात गेली. त्यामुळे किल्ली हरवलेला माणूस मला दुरून ओळखता येतो. तो आधी स्वतःचे खिसे चाचपतो, मग बायकोकडे पाहतो आणि शेवटी आमच्याकडे. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाच्या किल्लीची जोडकिल्ली बँकेकडे नसते. ती हरवली की रीतसर अर्ज घ्यायचा, कारागीर बोलवायचा आणि ग्राहकाच्या समोर कुलूप फोडायचं. खर्च अर्थात ग्राहकाचा. कुलूप जातं, पण आतल्या दागिन्यांना ओरखडाही येत नाही.

नोकरीत शिकलेली ही गोष्ट निवृत्तीनंतर माझ्याच घरात उपयोगी पडली. फरक एवढाच, की या वेळी लॉकर नव्हता, संगणक होता.

२०२३च्या पावसाळ्यात माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अचानक गेले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांना एक छंद लागला होता. आसपासच्या गावांत जायचं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं आणि शिवारातल्या शेतांची नावं लिहून घ्यायची. शेताला गट नंबर असतो हे आपल्याला माहीत असतं. पण शेताला नावही असतं. म्हसोबाची पट्टी, चिंचेचा मळा, थोरलं वावर, भुताची विहीर. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानाच असतो, आणि तो बहुतेक वेळा कोरा असतो. भाऊजी तो रकाना भरायला निघाले होते. ११ गावं झाली होती. नाव कशावरून पडलं, ते कुणी सांगितलं, हे सगळं त्यांनी संगणकावर टंकलेलं होतं. ज्यांनी सांगितलं, त्यांतली निम्मी माणसं आज हयात नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईनं तो जुना संगणक सुरू केला. पडद्यावर भाऊजींचं नाव आलं आणि त्याखाली पासवर्डचा रिकामा चौकोन. भाऊजींनी पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. मुलांची नावं झाली, जन्मतारखा झाल्या, स्कूटरचा नंबर झाला, कुलदैवत झालं. चौकोन काही हलेना. गावातल्या दुकानातला मुलगा येऊन गेला. तो म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारावा लागेल. ५०० रुपयांत नव्यासारखा करून देतो.”

ताईनं मला फोन केला. “अरे, देऊ का करायला?”

मला संगणकातलं फारसं कळत नाही. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, एवढं ठाऊक होतं. लॉकरची किल्ली हरवली म्हणून आतल्या दागिन्यांसकट लॉकर भट्टीत टाकत नाहीत. मी म्हणालो, “ताई, मी येईपर्यंत त्या यंत्राला कुणाला हात लावू देऊ नकोस.” श्रोतेहो, या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं शहाणपणाचं काम एवढंच. बाकीचं शहाणपण ताईच्या शेजारी राहणाऱ्या, इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीचं. ती त्या संध्याकाळी आली.

तिनं आधी आम्हाला दोन साधे प्रश्न विचारले. “मावशी, टाइप करताना कॅप्स लॉक चालू नव्हतं ना? आणि कळफलक मराठीवर तर नव्हता?” भाऊजी मराठीत टंकायचे. कळफलक मराठीवर राहिला, की तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबता, पण संगणकाला ती मराठी वाटतात. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. बरोबर पासवर्ड असूनही दार उघडत नाही, अशी कितीतरी प्रकरणं इथंच मिटतात म्हणे. आमचं मिटलं नाही.

मग ती जे म्हणाली, त्यानं ताईच्या जिवात जीव आला. “मावशी, हा पासवर्ड दाराला आहे, पेटीला नाही.”

तिचं म्हणणं असं. संगणकाच्या आत एक डिस्क असते. आपली पत्रं, फोटो, हिशेब सगळं त्या डिस्कवर असतं. विंडोज ही त्या घराची व्यवस्था पाहणारी कारभारीण. पासवर्ड विचारते ती कारभारीण. पण जुन्या संगणकात डिस्कवरचा मजकूर साध्या, उघड्या स्वरूपात लिहिलेला असतो. दुसरी कारभारीण आणून बसवली, तर ती पासवर्ड न विचारता सगळ्या खोल्या दाखवते. आतल्या वस्तू जिथल्या तिथे असतात.

पासवर्डचा जन्मच तसा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून पासवर्ड आला. एकत्र कुटुंबात प्रत्येकाच्या कपाटाला वेगळं कुलूप असावं, तसा. आणि गंमत म्हणजे १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं पासवर्डांची अख्खी यादी छापून घेतली. चोरी करायला नव्हे, तर यंत्रावर वाट्याला आलेला वेळ त्याला पुरत नव्हता म्हणून! यंत्रच ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापुढे नुसता पासवर्ड फार टिकत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

आता त्या मुलीनं काय केलं, ते सांगतो. तिच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली होती. हीच ती दुसरी कारभारीण. संगणक सुरू होताना एक ठरावीक कळ दाबली, की कुठून सुरू व्हायचं हे त्याला सांगता येतं. ही कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते. तिनं संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू केला. पडद्यावर एक पर्याय आला, लिनक्स नुसतं वापरून पाहायचं की संगणकात बसवायचं. ती म्हणाली, “काका, इथंच लोक चुकतात. बसवायचं म्हटलं, तर ते डिस्कवर लिहायला लागतं आणि आपलंच सामान पुसलं जातं. आपण नुसतं वापरून पाहायचं.”

दोन मिनिटांत डिस्क दिसली. त्यात सी ड्राइव्ह, त्यात ‘यूजर्स’ नावाचा फोल्डर आणि त्यात भाऊजींचं नाव. आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. ताईनं पदर डोळ्यांना लावला. मुलीनं बाहेरची नवी डिस्क जोडली आणि सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. पाऊण तास लागला. मूळ डिस्कवरचं एक अक्षरही तिनं बदललं नाही. सोडवलेला माल त्याच डिस्कवर पुन्हा ठेवायचा नाही, हा तिचा दुसरा नियम.

हे जमलं नसतं, तर दुसरा मार्गही होता. डिस्क काढायची आणि तारेनं दुसऱ्या संगणकाला जोडायची. लॅपटॉपची लहान डिस्क यूएसबीच्या तारेवरच चालते. टेबलावरच्या संगणकातल्या मोठ्या डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. मात्र डिस्क कटकट असा आवाज करत असेल, तर यातलं काहीही न करता यंत्र बंद करावं आणि जाणकाराकडेच न्यावं. तिथे प्रश्न कुलपाचा नसतो, पेटीच मोडायला आलेली असते.

कॉपी करताना ‘खाजगी’ नावाचा एक फोल्डर दिसला. मुलीनं हात थांबवून ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, “राहू दे तो. दाखवायचं असतं, तर त्यांनी दाखवलं असतं.” मला माझी बँक आठवली. मृत ग्राहकाचा लॉकर आम्ही साक्षीदारांसमोर उघडत असू आणि वस्तूंची यादी करत असू, पण पाकिटातली पत्रं कुणी वाचत नसे. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीशिवाय शिरणं २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं चालत नाही. इथे ताई होती, दोन्ही मुलांची फोनवरून संमती होती. तरीही आपण कुणाच्या तरी खोलीत उभे आहोत, याचं भान सुटू नये.

तर माल हाती आला. मी आनंदानं पहिली फाइल उघडली आणि पाहतो तो काय! मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, टिंबं, स्वल्पविराम यांची नुसती भेळ. ताई म्हणाली, “खराब झाली का रे?”

खराब काही झालं नव्हतं. भाऊजी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकायचे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे छापखान्यांत, कचेऱ्यांत असेच फॉन्ट होते. पुण्यात तयार झालेली श्रीलिपी त्यांतलीच. त्या फॉन्टमध्ये ‘क’ लिहिला, तरी संगणकाच्या पोटात तो एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह म्हणून साठतो. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर भेळ. त्या मुलीच्या पिढीला हे ठाऊकच नव्हतं. इथे मात्र मी उपयोगी पडलो, कारण बँकेत आमची परिपत्रकं अशीच यायची. आम्ही पुन्हा जुना संगणक लावला, विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर उतरवून घेतला आणि त्यातला नेमका फॉन्ट शोधला. एका क्षणात म्हसोबाची पट्टी पडद्यावर आली. कुणाकडे जुनं मराठी लिखाण संगणकात असेल, तर फाइलींबरोबर फॉन्टही जपून ठेवा. नाहीतर पेटी मिळायची आणि पोथी वाचता यायची नाही.

गोष्ट इथे संपली असती, तर मी आज बोलायला आलो नसतो. ११ गावांपैकी आठच गावं जुन्या संगणकात होती. शेवटची तीन नव्या लॅपटॉपमध्ये होती. तो भाच्यानं २०२२मध्ये घेऊन दिला होता. मला वाटलं, आता काय, पेन ड्राइव्ह आहेच. मुलीनं सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. निळा पडदा आला आणि त्यानं ४८ आकड्यांची किल्ली मागितली. लिनक्समधून पाहिलं, तर तिथेही डिस्क दिसत होती, पण कुलूप लावलेली.

मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “काका, इथं कुलूप पेटीलाच आहे.”

डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक करून ठेवण्याची ही पद्धत. विंडोजमध्ये तिला बिटलॉकर म्हणतात. ती २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी आली, पण तेव्हा ती मोजक्या, महागड्या आवृत्त्यांत होती. आता नव्या लॅपटॉपवर ती पुष्कळदा आपोआप चालू झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हा काही खोडसाळपणा नाही. जुन्या संगणकात आम्हाला पाऊण तासात शिरता आलं, तसं चोरालाही शिरता आलं असतं. लॅपटॉप तर एसटीत विसरतो, रेल्वेत चोरीला जातो. म्हणून हे कुलूप. पण त्याला चोर आणि विधवा यांतला फरक कळत नाही. किल्ली असेल तर उघडेन, नसेल तर नाही, एवढंच त्याला ठाऊक. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी हाती लागते ती निरर्थक आकड्यांची रास. इथे ड्रिल चालत नाही. जो कुणी पैसे घेऊन हमखास उघडून देतो म्हणेल, त्याच्यापासून दोन हात लांब राहावं.

मग ती किल्ली कुठे असते? कुणी कागदावर छापून घेतलेली असते, कुणी पेन ड्राइव्हवर. पण बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला, त्या खात्यात ती साठवली जाते. भाऊजींचं तसलं खातंच नव्हतं. दोन दिवस आम्ही घरातले कागद उपसले. ताईनं भाऊजींच्या सगळ्या वह्या पान न् पान पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं विचारलं, “मावशी, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कुणी करून दिला?”

भाच्यानं! सुरुवातीला त्यानं स्वतःचंच खातं घातलं होतं. मग वडिलांना सोपं जावं म्हणून त्यांच्या नावाचं साधं खातं करून दिलं होतं. त्याचं खातं लॅपटॉपवरून गेलं, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली होती आणि त्याला ते माहीत नव्हतं. रात्री त्याला फोन लावला. त्याच्या खात्यात दोन किल्ल्या निघाल्या, एक त्याच्या लॅपटॉपची आणि एक वडिलांच्या. निळ्या पडद्यावर किल्लीची ओळख सांगणारी काही अक्षरं येतात, त्यांवरून नेमकी कोणती ते ठरवलं. तो सहा-सहा आकडे सांगत गेला आणि ताई कॅलेंडरच्या पानामागे लिहीत गेली. असे आठ गट. पेटी उघडली. उरलेली तीन गावं मिळाली.

भाऊजींचा मोबाइल मात्र उघडला नाही. त्यात त्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं होती. आजच्या मोबाइलमधला मजकूरही कुलूपबंदच असतो, आणि पिन चुकत गेला की थांबायची वेळ वाढत जाते. दुकानदार रीसेट करून देतो म्हणाला. पण रीसेट म्हणजे पुन्हा कोरी पाटी. ताईनं तो मोबाइल तसाच कपाटात ठेवला आहे. नावं मिळाली, आवाज गेले.

श्रोतेहो, बँकेत मी हजारो लोकांकडून नामनिर्देशनाचे अर्ज भरून घेतले. “साहेब, एवढी काय घाई?” असं म्हणणाऱ्यांना चार शब्द सुनावले. पण माझ्या स्वतःच्या संगणकाला वारस नव्हता. ताईकडून परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे. संगणकाचा पासवर्ड, मोबाइलचा पिन आणि त्या ४८ आकड्यांची किल्ली एका कागदावर लिहिली. कागद पाकिटात घातला, पाकीट मुदत ठेवींच्या पावत्यांबरोबर ठेवलं आणि सौभाग्यवतींना जागा दाखवली. पासवर्ड बदलला की कागद बदलायचा. किल्ली संगणकातच साठवून ठेवण्यात अर्थ नाही. ते म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली, की निम्मी काळजी तिथेच मिटते.

इंटरनेटवरच्या खात्यांनाही आता वारस नेमता येतो. गूगलनं ही सोय २०१३मध्ये केली. खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातलं हवं ते मिळू शकतं. ॲपलनं २०२१मध्ये अशीच सोय आणली. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात.

आणि आज तुम्ही स्वतःच पासवर्ड विसरला असाल, तर आधी शांत बसा. कळफलक तपासा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश करत असाल, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड बदलता येतो. नाहीच जमलं, तर जाणत्या माणसाला बोलवा आणि त्याला पहिलं वाक्य सांगा, “आधी माझ्या फाइली बाहेर काढ, मग यंत्राचं काय ते बघू.” घाईनं फॉरमॅट मारू देऊ नका. बहुतेक वेळा सामान आत शाबूत असतं, आपणच घाबरून ते पुसायला लावतो.

भाऊजींची ११ गावं आता कागदावर आली आहेत. भाच्यानं त्यांच्या छापील प्रती काढून त्या त्या गावच्या शाळेला दिल्या. एका गावी मी स्वतः गेलो होतो. एका मुलीनं यादीवर बोट ठेवून विचारलं, “आजोबा, भुताची विहीर म्हणजे आमचीच का?” मी म्हणालो, “हो गं, तुमचीच.”

आजच एक कागद घ्या, एक पाकीट घ्या आणि घरात कुणाला तरी त्याची जागा सांगून ठेवा. 

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)